चहाच्या नावाची कीड आणि काजूचा मोहोर

१/
पालघर जिल्ह्यात चहाचा एकही मळा नाही. तरीही दर हिवाळ्यात येथे चहाच्या नावाची एक कीड येते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगरउतारांवर काजूला पालवी आणि मोहोर आला, की कोवळे शेंडे तपकिरी पडतात, मग काळे होतात आणि वाळतात. कृषी पुस्तिकांत या किडीचे नाव ‘टी मॉस्किटो बग’ असे छापलेले असते. मराठीत तिला ‘ढेकण्या’ म्हणतात. हा डास नव्हे, आणि येथे चहाही नाही. मग हे नाव आले कोठून? त्याचा माग आसाम, कोलकाता, श्रीलंका, पुणे आणि कासरगोडमार्गे पुन्हा जव्हारपर्यंत येतो. आजचा धागा त्या प्रवासाविषयी.

२/
प्रथम कीटकाची ओळख. शास्त्रीय प्रजातीनाम हेलोपेल्टिस. लांबी जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर, अंग सडपातळ, पाय आणि मिशा लांबच लांब. दुरून पाहिल्यास डासच वाटावा. पाठीवर टाचणी उभी खोचावी तसा एक बारीक काटा असतो, त्याच्या टोकाला गाठ. ही याची हमखास खूण. नात्याने मात्र हा डासाचा कोणीही लागत नाही. तो ढेकणाच्या गणातला, सोंडेने रस शोषणारा कीटक आहे. या बाबतीत मराठी नाव इंग्रजी नावापेक्षा अधिक अचूक ठरते.

३/
हा पान कुरतडत नाही. कोवळ्या पेशींत सोंड खुपसून तो रस ओढतो आणि त्याच वेळी आपली लाळ आत सोडतो. खरे नुकसान या विषारी लाळेचे. टोचलेल्या जागी पाणथळ डाग पडतो, काही तासांत तो तपकिरी होतो आणि पुढे काळा. एकच कीटक दिवसाकाठी शंभराच्या आसपास डाग पाडू शकतो. मादी अंडी कोवळ्या देठाच्या आत घालते. बाहेर दिसतात ते फक्त केसासारखे दोन धागे, अंड्याच्या श्वसनासाठी. त्यामुळे फांदी हातात घेऊनही शेतकऱ्याला अंडे दिसत नाही.

४/
आता आसामकडे. १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चीनशी व्यापार करण्याची मक्तेदारी संपली. चहासाठी चीनवर विसंबणे धोक्याचे वाटू लागले. आसामच्या जंगलात चहाची झाडे आहेत, ही बातमी रॉबर्ट ब्रूस याला १८२३ मध्येच सिंगफो लोकांकडून मिळाली होती. १८३४ मध्ये बेंटिंकने चहा समिती नेमली. जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनला लिलावात विकल्या गेल्या. त्याच वर्षी आसाम कंपनी उभी राहिली आणि जंगलतोडीला वेग आला.

५/
जंगल तोडून तेथे काय लावले, हे पाहणे महत्त्वाचे. शेकडो जातींच्या वनस्पतींच्या जागी मैलोन्‌मैल एकच वनस्पती आली. तीही सतत छाटलेली, म्हणजे वर्षातील बहुतेक महिने कोवळ्या पालवीने लदलेली. मळेवाल्याला जे दोन पाने आणि एक कळी हवी, नेमके तेच या कीटकालाही हवे होते. इतके मुबलक कोवळे अन्न जंगलाने त्याला कधीच दिले नव्हते. सिबसागरकडील मळेवाले सॅम्युएल पील यांनी १८७३ मध्ये ‘आसामचा चहा-ढेकूण’ या विषयावर लेख लिहिला. मळ्यांच्या बोलीत मात्र ‘मॉस्किटो’ हेच नाव रुजले. काळवंडलेल्या झुडपांना ‘मॉस्किटो ब्लाइट’, म्हणजे मॉस्किटोचा करपा, म्हणत.

६/
‘करपा’ हा शब्दही बोलका आहे. शेंडा जळल्यासारखा दिसतो, कीटक मात्र भर उन्हात पानांआड दडलेला असतो. सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ हवेत तो बाहेर येतो. त्यामुळे दोष कधी हवेला दिला जाई, तर कधी जमिनीला. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील जेम्स वुड-मेसन यांनी आसामच्या चहावरील कोळी आणि ढेकूण या दोन्हींचा अभ्यास करून १८८४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. चहाच्या किडींवर भारतात झालेल्या आरंभीच्या शास्त्रीय कामांत त्याची गणना होते.

७/
येथे तारखांचा एक मेळ पाहण्यासारखा आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ सिन्योरे यांनी ‘हेलोपेल्टिस अँटोनी’ या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते १८५८ मध्ये, आणि नमुना होता सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा. सिलोनमध्ये जेम्स टेलर यांनी लूलकंदेरा येथे चहाची व्यापारी लागवड केली १८६७ मध्ये. म्हणजे तेथे चहाचे मळे येण्यापूर्वीच कीटक हजर होता आणि त्याला नावही मिळाले होते. आसामच्या भावंडाला ‘थिव्होरा’, म्हणजे चहाभक्षक, हे नाव वॉटरहाउस यांनी १८८६ मध्ये दिले. कीटक या भूमीचा जुना रहिवासी होता. मळा नवा होता.

८/
तेव्हा उपाय काय होते? फवारणीची आजची औषधे नव्हती. बायका आणि मुले मळ्यात उतरून हाताने किंवा जाळीने कीटक पकडत. साबण आणि रॉकेलचे मिश्रण फवारले जाई. ग्रासलेली झुडपे खोलवर छाटली जात. हे सारे परवडत होते, कारण मळ्यात मजुरी अतिशय स्वस्त होती. करारात जखडलेले मजूर छोटा नागपूर आणि मध्य भारतातून आणले जात. कीड-नियंत्रणाचा इतिहास मजुरीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

९/
आता या कथेत पुणे येते. ‘चहाच्या झाडाच्या किडी आणि करपे’ या अर्थाचा इंग्रजी ग्रंथ सर जॉर्ज वॉट यांनी १८९८ मध्ये लिहिला. १९०३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांचे सहलेखक होते डॉ. हॅरॉल्ड मॅन. मॅन १९०० पासून इंडियन टी असोसिएशनचे शास्त्रज्ञ होते. १९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक. चहाच्या किडींचा जाणकार माणूस महाराष्ट्राच्या शेतीचा अभ्यासक बनला.

१०/
पुण्याला आल्यावर मॅन यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव घराघराने तपासले. तो अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तेथे पिंपरी-चिंचवडचे उंच इमले उभे आहेत. त्या पाहणीत त्यांना दिसले ते जमिनीचे बारीक-बारीक तुकडे, कर्ज, आणि शेतीवर न भागल्याने बाहेर मजुरीला जाणारी माणसे. आसामात एका कंपनीकडे हजारो एकर होते, आणि कीड पडली तर शास्त्रज्ञ नेमण्याची ऐपत होती. दख्खनच्या शेतकऱ्याकडे एकरभर जमिनीचे चार तुकडे होते, आणि कीड पडली तर सावकार होता. हा फरक लक्षात ठेवा. पुढे जव्हारमध्ये तो पुन्हा भेटेल.

११/
आता काजूकडे वळू. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. १५७८ मध्ये छापलेल्या ख्रिस्तोव्हाव द कोस्ता यांच्या ग्रंथात कोचीनच्या बागांतील काजूचा उल्लेख येतो. ‘काजू’ हा शब्दही पोर्तुगीजांमार्फत ब्राझीलच्या तुपी भाषेतून आलेला. त्या काळी वसई, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू हा आजच्या पालघरचा किनारा पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’त मोडत होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला पडला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसई पडली आणि पोर्तुगीज या किनाऱ्यावरून गेले. काजू मात्र कोकणात कायमचा राहिला.

१२/
पुढची कित्येक शतके काजू कोकणात जवळजवळ रानटी झाडासारखा वाढला. कातळाच्या कडेला, डोंगराच्या उताराला, बांधावर, बी पडेल तेथे रुजलेला. प्रत्येक झाड बियांपासून आलेले, म्हणून प्रत्येकाची पालवी आणि मोहोर वेगवेगळ्या वेळी. मध्ये इतर झाडे, झुडपे, मुंग्या, कोळी, पाखरे. ढेकण्या तेव्हाही असणार, कारण कडुनिंब, पेरू अशा अनेक झाडांवर तो जगतो. पण विखुरलेल्या झाडांवर त्याला सलग मेजवानी मिळत नव्हती. ब्राझीलचे झाड आणि येथला कीटक शेजारी राहत होते, मात्र त्यांच्या भेटीचे संकट व्हायचे होते.

१३/
ते झाले विसाव्या शतकात. काजूगर हा डॉलर मिळवणारा माल ठरला आणि सलग लागवडी वाढल्या. कोकणात १९५७ मध्ये वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र सुरू झाले. १९७२ मध्ये दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वेंगुर्ला-१ पासून पुढच्या जाती आल्या आणि कलमांचा प्रसार झाला. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने काजू आणि आंबा डोंगरोडोंगरी नेला. तुलना करा: चहासाठी टोकलाईचे संशोधन केंद्र १९११ मध्येच उभे राहिले होते. काजूला सेहेचाळीस वर्षे थांबावे लागले.

१४/
कलमांनी उत्पन्न वाढवले यात शंका नाही. पण कलम म्हणजे एकाच झाडाची शेकडो रूपे. सगळ्यांना पालवी जवळपास एकाच वेळी, मोहोरही एकाच वेळी. आसामात जे छाटणीने घडले, ते कोकणात कलमाने घडले. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवी फुटते, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत मोहोर भर घेतो. त्याच काळात ढेकण्याची संख्याही शिगेला पोहोचते. मधेच मळभ दाटून राहिले तर विचारायलाच नको. या किडीने काजूचे साधारण ३० ते ४० टक्के उत्पन्न जाते असे संशोधक सांगतात. उद्रेकाच्या वर्षी संपूर्ण मोहोर हातचा जाऊ शकतो.

१५/
आता जव्हार-मोखाड्याकडे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. भात आणि नागलीवर वर्ष निघत नाही, म्हणून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, वसई-भिवंडीच्या बांधकामांवर आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात मजुरीला जात. उपाय म्हणून ‘वाडी’ची कल्पना आली. मणिभाई देसाईंच्या ‘बायफ’ संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेतील वांसदा येथे ती सुरू केली होती. पुढे ती जव्हार-मोखाड्यात आली. आदिवासी कुटुंबाच्या एकरभर वरकस जमिनीत आंबा आणि काजूची कलमे, बांधाला कुंपणाची झाडे, मध्ये भाजी किंवा धान्य.

१६/
म्हणजे येथे काजूचे झाड हे घर न सोडण्याचे साधन होते. फेब्रुवारी ते मे हे स्थलांतराचे महिने. नेमक्या त्याच महिन्यांत काजूची बी हाती येते आणि पैसा देते. मोहोर जळाला तर आसामातल्या कंपनीचा नफा घटत असे; जव्हारमधल्या वारली किंवा कोकणा कुटुंबाला पुन्हा बोईसरची गाडी धरावी लागते, आणि मुलाची शाळा सुटते. कीटक तोच, डाग तोच, पण नुकसानीचा अर्थ निराळा. किडीच्या नुकसानीचे आकडे हेक्टरी किलोत मोजले जातात, तेव्हा ही बाजू हिशेबात येत नाही.

१७/
या किडीला मारण्याच्या घाईत काय होऊ शकते, हे कासरगोडने दाखवले. केरळच्या उत्तर टोकाला असलेल्या या जिल्ह्यात सरकारी प्लांटेशन कॉर्पोरेशनची सुमारे साडेचार हजार हेक्टर काजू लागवड होती. शत्रू हाच, ढेकण्या. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंत तेथे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. लागवडीच्या मधोमध वस्त्या होत्या, विहिरी होत्या, ओढे होते. हळूहळू गावागावांत जन्मजात व्यंगे, अपस्मार, मतिमंदत्व, कर्करोग यांच्या तक्रारी वाढल्या.

१८/
कृषी खात्यातच नोकरीला असलेल्या लीलाकुमारी अम्मा यांनी १९९८ मध्ये फवारणीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पत्रकार श्रीपडरे आणि गावातले डॉक्टर वाय. एस. मोहनकुमार यांनी वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. कारणसंबंधावर मोठा वाद झाला. उद्योगांनी आणि काही शास्त्रज्ञांनी आरोप नाकारले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेला मात्र तेथील मुलांच्या रक्तात एंडोसल्फानचे अंश सापडले. एप्रिल २०११ मध्ये स्टॉकहोम कराराच्या सदस्य देशांनी या रसायनावर जागतिक बंदीचा निर्णय घेतला. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशात त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला.

१९/
इतक्या वर्षांच्या फवारणीनंतर ढेकण्या नाहीसा झाला का? नाही. काजूची ती आजही मुख्य कीड आहे. आकाशातून पडणारे विष झाडावरच्या मुंग्यांना, कोळ्यांना, अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्यांनाही मारते. ढेकण्या मात्र शेजारच्या रानातून, कडुनिंबावरून, पेरूवरून परत येतो, आणि आता त्याला खाणारे कोणी उरलेले नसते. कडुनिंबाची गंमत तर पाहा. ज्याच्या निंबोळीचा अर्क आपण किडींवर मारतो, तोच कडुनिंब या किडीचे हक्काचे घर आहे.

२०/
रसायनांची किंमत काय असते, हे समजण्यासाठी पालघरकरांना कासरगोडला जायची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूर अगदी वरच्या स्थानी होते. खाडी आणि समुद्रावर जगणाऱ्या मांगेला कोळी समाजाने या प्रश्नावर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत लढा दिला. जव्हारचा शेतकरी आणि तारापूरचा मच्छीमार एकाच जिल्ह्याची माणसे आहेत. डोंगरावर मारलेले औषध पावसात कोठे वाहते, हा प्रश्न दोघांचाही आहे.

२१/
मग उपाय? संशोधक आज सरसकट फवारणीऐवजी नेमक्या वेळेवर भर देतात: पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीनच टप्प्यांवर झाडे तपासावीत आणि गरज असेल तेव्हाच औषध वापरावे. दुसरा उपाय फार जुना आहे. पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या ज्या झाडावर असतात, तेथे ढेकण्याचे फारसे चालत नाही. ऑस्ट्रेलियात आणि व्हिएतनाममध्ये काजूच्या बागांत त्यांचा मुद्दाम वापर झाला आहे. चीनमधील संत्र्याच्या बागांत अशा मुंग्यांची घरटी विकत आणून सोडत, अशी नोंद इ.स. ३०४ च्या मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात आहे. अडचण एकच, काजू काढताना त्या माणसालाही कडकडून चावतात. पण चाव्याचा दाह दोन तासांत उतरतो.

२२/
वाडीची मूळ रचना येथे कामाला येते. एकाच जातीची सलग रांग न लावता आंबा, काजू, बांधावरची झाडे आणि मधले पीक अशी मिसळ असेल, तर मित्रकीटकांना राहायला जागा मिळते आणि ढेकण्याला एकाच वेळी सगळे ताट वाढलेले मिळत नाही. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवरचे कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीचे विद्यापीठ यांचा सल्ला या शेतकऱ्यांना उपलब्ध आहे. प्रश्न असतो तो सल्ला ऑक्टोबरात, पहिल्या पालवीच्या वेळी, पाड्यावर पोहोचण्याचा. जानेवारीत मोहोर काळा पडल्यावर तो पोहोचला तर उपयोग नाही.

२३/
या साऱ्याचे सार एवढेच. ‘कीड’ ही निसर्गातली जात नव्हे, तो माणसाने दिलेला हुद्दा आहे. हेलोपेल्टिस या भूमीवर मळ्यांच्या आधीपासून होता. आसामात आपण चहाची सलग चादर पसरली तेव्हा तो ‘चहाचा मॉस्किटो’ झाला. कोकणात कलमांच्या रांगा लावल्या तेव्हा ‘काजूचा ढेकण्या’. त्याच्या नावांत आपल्या लागवडीचा इतिहास नोंदला गेला आहे. म्हणून त्याच्याशी लढताना प्रथम आपण काय लावले आणि कसे लावले, हे पाहावे लागते.

२४/
एक विनंती. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात तुमच्या गावी या किडीला वेगळे नाव असेल, किंवा मोहोर जळालेल्या एखाद्या वर्षाची आठवण घरातील वडीलधारी मंडळी सांगत असतील, तर प्रतिसादात जरूर लिहा. मळेवाल्यांचे अहवाल ग्रंथालयांत जपलेले आहेत. पाड्यांवरच्या अशा आठवणी मात्र कोणत्याही दप्तरात नाहीत. धागा आवडला तर काजूची बाग असलेल्या एखाद्या मित्राला अवश्य पाठवा, आणि शक्य तर ऑक्टोबरापूर्वी.